फायलीतले सुवाच्य पान

माझ्या नोकरीबद्दल लिहा, असे या अंकाच्या संपादकबाईंनी सुचवले, तेव्हा मी त्यांना विचारले, की दिवाळीच्या दिवसांत वाचकांना असले काही वाचवेल का. त्या म्हणाल्या, "चकलीबरोबर काय वाचायचं ते वाचक ठरवतील. तुम्ही लिहायला बसा." मी बसले. बसून तीन आठवडे झाले, तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला. म्हणून हे लिहिते आहे. यातली माणसांची नावे मी बदलली आहेत. ती का बदलावी लागली, हे याच लेखात पुढे येईल आणि त्यात माझी फारशी शोभा नाही.

माझे काम काय होते, हे मला एका दमात कधीच सांगता आले नाही. नातेवाइकांत कुणी विचारले, तर "हॉस्पिटलमध्ये असते" एवढे बोलून मी थांबत असे. परिणामी माझ्या जाऊबाईंच्या माहेरी मला बरीच वर्षे नर्स समजत आणि तिथून इंजेक्शन द्यायला बोलावणी येत. प्रत्यक्षात मी नाशिकमधल्या एका धर्मादाय रुग्णालयात, नवजात बालकांच्या विभागात, समाजसेविका होते. आमच्याकडे जी बाळे येत, त्यांतल्या काहींच्या आयांना गरोदरपणी अमली पदार्थांची किंवा अंमल आणणाऱ्या औषधांची सवय लागलेली असे. आईच्या रक्तातले औषध नाळेतून बाळालाही मिळत राहते. बाळ जन्मते, नाळ कापली जाते आणि त्या क्षणी त्याचा पुरवठा थांबतो. मग दोन-तीन दिवसांत ते तळमळू लागते. टिपेच्या आवाजात रडते, हातपाय ताठ करते, थरथरते, एकामागोमाग शिंकते, भुकेने व्याकूळ असूनही धड ओढत नाही. अशा बाळाला 'व्यसन' असते असे म्हणणे चूक आहे. व्यसनाला आधी इच्छा लागते, आणि त्या जीवाला अजून दुधाचीही रीतसर इच्छा करता येत नसते.

यावर डॉक्टर गरजेप्रमाणे औषधाचे थेंब देत आणि हळूहळू कमी करत. परंतु मुख्य उपचार म्हणजे मंद उजेडाची खोली, घट्ट गुंडाळलेले दुपटे, थोडे थोडे दूध आणि शक्य असेल तिथे आईची छाती. उरलेले सर्व माझ्याकडे येई. उरलेले म्हणजे आई, बाप, आज्या, आत्या, शेजारी आणि या सर्वांची मते.

या कामावर मी रुजू झाले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. त्याआधी वीस वर्षे पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासत घरी बसले होते. मुलगी शिकायला बाहेर पडली, तेव्हा मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात तिच्या वयाच्या मुलींशेजारी जाऊन बसले. पुस्तकी भाग मला सोपा गेला. अडचण माणसांची होती. पहिल्या गृहभेटीला मी सिडकोतल्या एका दाराबाहेर, बेल वाजवावी की कडी, या विचारात इतका वेळ उभी राहिले, की समोरच्या बाईंनी मला खुर्ची आणून दिली.

मला माणसांत आणण्याचे श्रेय विभागाच्या प्रमुख परिचारिका शेख सिस्टर यांना द्यावे लागेल. त्या जुन्या नाशिकच्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि अनुभवाने वीस वर्षांनी मोठ्या. मी एखाद्या आईशी बोलून बाहेर आले, की त्या विचारत, "अरे मॅडम, तुम्ही बोलत होतात की वाचत होतात? ती बिचारी उभी राहून ऐकत होती, प्रार्थना चालू असल्यासारखी."

आमच्याकडे येणाऱ्यांचे नमुने अनेक. एक आजोबा रोज लिंबू-मिरची आणून नातवाच्या काचपेटीला बांधू पाहत. शेख सिस्टर लिंबू ठेवून घेत, मिरची परत करत आणि दुपारी सर्वांना सरबत मिळे. बाळाचा त्रास किती आहे हे मोजण्यासाठी आम्ही दर काही तासांनी त्याच्या रडण्याला, थरथरीला, शिंकांना गुण देत असू. त्यात गुण जितके कमी तितके बाळ बरे. एका उच्चशिक्षित बापाला हे पटता पटेना. रोज तक्ता पाहून तो खिन्न होई. शेवटी म्हणाला, "मॅडम, आमच्या घराण्यात इतके कमी मार्क कुणालाच पडलेले नाहीत." त्याचे बाळ शून्यावर आले, त्या दिवशी पेढे कुणी वाटायचे यावर नवरा-बायकोचे भांडण झाले.

हे सारे हसण्यावारी नेता येते. रूपालीच्या बाबतीत मी जे केले, ते मात्र नेता येत नाही. म्हणून तेच सविस्तर सांगते.

रूपाली पिंपळगाव बसवंतची. माहेर कळवणकडचे, वय चोवीस, शिक्षण बारावी. नवरा सोमनाथ टेम्पो चालवत असे. ती स्वतः हंगामात द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जाई. तिला आमच्याकडे मुलगी झाली. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी मुलीने असा आवाज लावला, की शेख सिस्टरांनी तिचे नाव 'लासलगावची लिलाववाली' ठेवले. "आवाज ऐका मॅडम. कांद्याची अख्खी ट्रॉली एका दमात विकेल ही." पण बोलता बोलता त्यांनी मुलीचे हात धरून पाहिले, शिंका मोजल्या, आणि डॉक्टरांना हाक मारली.

त्या दुपारी रूपाली माझ्या खोलीत आली. माझी खोली म्हणजे पूर्वीची चादरींची कोठी. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत चादरी. पण या चादरींमुळे आवाज बाहेर जात नसे, हा तिचा गुण.

मी प्रश्नावली उघडली. तिने ती हळूच मिटली.

"विचारू नका, मीच सांगते. दुखायची कॅप्सूल घेते मी. मेडिकलमध्ये मिळते ती. डॉक्टरांनी दिलेली नाही."

"किती?"

"आधी दिवसाला एक. मग सकाळी एक, जेवणानंतर एक. मग मोजायचं सोडलं."

"कशासाठी?"

"कंबर. तुम्ही आत गेलाय का कधी पॅकहाऊसच्या? थंड हॉल असतो. उभ्यानं कात्री चालवायची, घडातले बारीक मणी, फुटके मणी काढायचे, डब्यात घड मांडायचा, पुढचा घ्यायचा. हाताला गारठा, कमरेला आग. कॅप्सूल घेतली की कंबर दुसऱ्याच बाईची वाटायची. मग काय, दुखू दे तिची."

दिवस राहिल्यावर तिने एकदा ती कॅप्सूल एकदम बंद करून पाहिली होती. अंग मोडून आले, उलट्या झाल्या, पोटात कळा येऊ लागल्या, तेव्हा घाबरून पुन्हा सुरू केली. असे अचानक थांबवणे बाळालाही धोक्याचे असते, हे तिला सांगायला कुणी नव्हते, कारण तिने कुणाला विचारले नव्हते.

"पहिली कॅप्सूल कुणी दिली?" मी विचारले.

दार लागलेले आहे ना, हे तिने वळून पाहिले. "आत्याबाईंनी. सासूबाईंनी माझ्या. त्यांच्या गुडघ्यांच्या गोळ्यांच्या डब्यातली. मायेनंच दिली हो. पण ते लिहू नका मॅडम. त्यांना कळलं ना, तर जीव सोडतील त्या."

मी ते लिहिले नाही. बाकीचे मात्र सर्व लिहिले. पेन, अक्षर, परिच्छेद, विरामचिन्हे, सर्व यथास्थित. 'सदर माता वेदनाशामक औषधाच्या दीर्घकालीन व अनियंत्रित सेवनामुळे त्यावर परावलंबी झालेली असून, नवजात बालिकेस होणारा त्रास त्याचाच परिणाम होय.' हे पान मी रूपालीच्या फायलीत नीट लावले आणि समाधानाने घरी गेले.

आता रुग्णालयातल्या फायलीचा प्रवास समजून घ्यावा लागेल. फाइल गोपनीय असते, असे आम्हाला वर्गात शिकवले होते. प्रत्यक्षात ती नातेवाइकाच्या काखेत असते. या खिडकीतून त्या खिडकीकडे, रक्ततपासणीकडून औषधांकडे, शिक्क्याकडून सहीकडे तीच घेऊन माणसे फिरतात. उपचारखर्चाच्या सरकारी योजनेच्या अर्जासाठी सगळ्या पानांची झेरॉक्स आणा, असे कुणीतरी खिडकीतून सांगितले, आणि रूपालीची फाइल घेऊन तिची सासू हिराबाई कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. हिराबाईंना वाचता येत नव्हते. आपल्या नातीला नेमके झाले काय, हे त्यांना तीन दिवस कुणी धड सांगितलेले नव्हते. त्यांनी झेरॉक्सवाल्याला विचारले, "दादा, काय लिवलंय रं यात?"

त्याने पाने उलटली. पहिल्या पानावर डॉक्टरांचे अक्षर, दुसऱ्या पानावर दुसऱ्या डॉक्टरांचे. त्याला एक शब्द लागला नाही. मग माझे पान आले. ते त्याने घडाघडा वाचले, आणि शेवटी हिराबाईंसाठी सोपे करून सांगितले, "आजी, तुमची सून नशेच्या गोळ्या खाते, म्हणून पोरगी आजारी आहे." दुकानात आणखी तिघे उभे होते. त्यांतला एक पिंपळगावचाच निघाला.

हे कळल्यावर शेख सिस्टर माझ्याकडे पाहत राहिल्या. "डॉक्टर लोकांचं अक्षर असं का असतं, आता कळलं का मॅडम? पेशंटची इज्जत राहते त्यात." एरवी त्या चिडवत, तेव्हा डोळे हसत असत. त्या दिवशी हसले नाहीत.

रूपालीची क्षमा मागायला मी गेले, तेव्हा तिने मान वर केली नाही. "चांगलं अक्षर आहे तुमचं," एवढेच म्हणाली.

हिराबाई माझ्या खोलीत आल्या त्या निकाल लावूनच. मागे दारात सोमनाथ उभा होता. तो बरा मुलगा होता. त्याचा एकच शब्द ठरलेला होता, 'बघू'. तो त्याने कुठल्याही प्रश्नाला वापरावा.

"बाई," हिराबाई म्हणाल्या, "पोरगी मी नेते. हिला हिच्या बापाकडं घाला, कळवनला. आमच्यात असलं नाय चालत."

मला रागीट सासू अपेक्षित होती, पण समोर जी होती ती वेगळीच अडचण होती. हिराबाईंना तीन मुलगेच झालेले. घरात मुलगी हवी म्हणून त्यांनी सप्तशृंगीला नवस केला होता. नातीसाठी त्यांनी आधीच चांदीचे वाळे केले होते. त्यांच्या द्वेषाशी मला भांडता आले असते. हे प्रेम होते, आणि ते मुलीला तिच्या आईपासून तोडायला निघाले होते.

कारण नुकसान उघड होते. रूपाली कळवणला गेली, तर मुलीचे दूध तुटले. आईच्या कुशीत अशी मुले लवकर शांत होतात, ती कूस तुटली. रूपालीला कॅप्सूल सुटावी म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली होती, तिच्यासाठी सुरुवातीला वरचेवर नाशिकला यावे लागे, तेही तुटले. याआधी अशीच माहेरी पाठवलेली एक आई पुन्हा कधी आलीच नाही आणि तिचे बाळ संस्थेत गेले, हे मी पाहिलेले होते. रुग्णालयातून बाळ सोडताना 'बाळ कोणाच्या हवाली' असा एक रकाना आम्हाला भरावा लागतो. घरातल्यांचेच एकमत नसेल, तर प्रकरण बालकल्याण समितीकडे जाते.

हे सर्व मी हिराबाईंना सांगितले. क्रमवार सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"बाई, तुमी लय सुद्द बोलता," त्या म्हणाल्या. "पर मला त्यातलं 'बाळ' तेवढं कळलं. तेच न्यायला आले मी."

"सोमनाथ, तुमचं काय म्हणणं?" मी दाराकडे पाहिले.

"बघू," सोमनाथ म्हणाला.

माझ्यापाशी एक वाक्य होते. ते उच्चारले असते, तर हिराबाई तिथल्या तिथे गप्प झाल्या असत्या. पहिली कॅप्सूल तुमच्या डब्यातली. एवढेच. ते वाक्य जिभेवर आले आणि मी पाण्याचा पेला उचलला. एक गुपित मी चव्हाट्यावर नेऊन ठेवले होते. दुसरे तरी राखायचे होते. पण ते राखण्याची किंमत त्या मुलीने मोजावी का, याचे उत्तर मला सुचत नव्हते, आणि आजही मी ते छातीठोकपणे देऊ शकत नाही.

सोडवणूक शेख सिस्टरांनी केली. त्या चादर घ्यायच्या निमित्ताने आत आल्या आणि चादर न घेताच म्हणाल्या, "न्या की आजी. नियमानं न्या. जो बाळ नेणार, त्यानं आधी तीन दिवस इथं बसून सांभाळून दाखवायचं. हो ना मॅडम? नियमच आहे."

असा कोणताही नियम नव्हता. मी जन्मात इतक्या सहजपणे खोटे बोलले नव्हते. मी म्हणाले, "हो. आहे."

"तीन पोरं वाढवलीत मी," हिराबाई म्हणाल्या. "तीन दिस काय, तीन घटका पुरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लढाईला निघाल्यासारख्या आल्या. पिशवीत काजळाची डबी, वाळे, खुळखुळा, दृष्ट काढायला मीठ-मोहरी. शेख सिस्टरांनी सगळी पिशवीच दाराबाहेर ठेवून घेतली. मग मंद उजेडाच्या त्या खोलीत, एका बाजूच्या खुर्चीत रूपाली, दुसऱ्या बाजूला हिराबाई, आणि मध्ये लिलाववाली. दूध पाजायला आई, बाकी सर्व आजीने करायचे, असे ठरले. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मुलगी रडू लागली, की हिराबाई तिला उचलून जोरात झुलवत, पाठ थोपटत, खड्या आवाजात गाऊ लागत. अशा बाळांना नेमके हेच सोसत नाही. मुलगी आणखी ताठ होई, आणखी टिपेला जाई. "आजी, गाणं आतल्या आत गा," शेख सिस्टर सांगत. "हलवू नका. छातीशी धरून नुसतं वर-खाली. हळू. जात्यावर बसलात का?"

"आतल्या आत गायला मी काय कुकर हाय?" हिराबाई म्हणाल्या. पण आवाज खाली आला.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास त्या मुलीला घेऊन खुर्चीत मटकन बसल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. रूपाली दूध पाजून नुकतीच डोळे मिटून बसली होती.

"बाई," हिराबाई म्हणाल्या, "असं पोर नाय पाहिलं मी. आमची पोरं कशी गुमान निजायची. सकाळी निजवलं की आमी वावरातून येस्तोवर हू का चू नाय."

खरोखरच मला कुतूहल वाटले. त्यात काही डाव नव्हता. मला डाव टाकता येत नाहीत. "दिवसभर झोपायची? ती कशी?"

"सासूबाई गोळी द्यायच्या ना. बाळगोळी. त्यांच्या कनवटीला पुरचुंडी आसायची."

"कशाची?"

"अफूची. मव्हरीयेवढी. दुधात उगाळून." त्या सहज म्हणाल्या, जशी कुणी सुंठ म्हणेल. "समदेच द्यायचे तवा. नायतर कामाला कोन जानार?"

"आणि मग बंद कधी करायचे?"

"पोर रांगाया लागलं, की बंद. मंग आठ-धा दिस काय इचारू नका. सोमनाथ तर..." त्यांनी दाराकडे पाहिले. सोमनाथ बाहेरच्या बाकावर होता. "सोमनाथ लय रडला. अंग असं ताठ करायचा. शिंका तर अशा..."

मुलगी शिंकली. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. हिराबाई बोलायच्या थांबल्या. शेख सिस्टर बाटली धूत होत्या, त्यांनी नळ बंद केला.

हिराबाईंनी मुलीचे दुपटे सोडून पुन्हा गुंडाळले. त्याची गरज नव्हती. मग खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "आमाला कुनी वंगाळ नाय म्हनलं तवा. माजी सासू तर देवमानूस म्हनायचे लोक."

थोड्या वेळाने त्या पुन्हा बोलल्या, आता अगदी हळू. "बाई, त्या झेरॉक्सवाल्यानं तुमचं पान समदं वाचलं. पार खालपर्यंत. त्यात माजं नाव नव्हतं."

मी खिडकीकडे पाहिले. पडदा ओढलेला होता, त्यामुळे पाहण्यासारखे काही नव्हते.

"मागल्या हंगामाला हिची कंबर धरली. मीच म्हनलं, घे माज्यातली येक, उतार पडंल. डबा हाय, लागंल तवा घेत जा. मीच म्हनलं. हिनं सांगितलं का तुमाला?"

खोटे बोलण्याचा माझा त्या आठवड्याचा साठा संपला होता, आणि खरे सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

"सांगितलं आसनार," हिराबाई म्हणाल्या. "तुमचं त्वांड सांगतंय. अन् लिवू नका म्हनली आसंल."

रूपाली जागीच होती. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होते. हिराबाईंनी ते पाहिले, पण उठल्या नाहीत, कारण मांडीवर मुलगी तेवढ्यात कुठे शांत झाली होती. बसल्या जागेवरून त्या एवढेच म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

चार दिवसांत सासूने सुनेशी बोललेले ते पहिले वाक्य. रूपालीने मान हलवून नाही म्हटले. हिराबाईंनी दाराकडे वळून, पण आतल्या आत गाण्याच्या आवाजात, हाक मारली, "सोमनाथ! डबा आन. अन् 'बघू' म्हनलास तर बघ."

पुढचे आधी सांगून टाकते, म्हणजे शेवट गोड केल्याचा आळ माझ्यावर येणार नाही. पुढच्या हंगामात रूपाली एकदा पुन्हा कॅप्सूलकडे घसरली. पॅकहाऊसमध्ये 'झेरॉक्सवाली' असे तिला कुणीतरी म्हणाले होते. ते नाव माझ्यामुळे पडले. पुढे ते मागे पडले, पण मी विसरलेले नाही. तिला पिंपळगावहून पहिल्या बसने माझ्यापर्यंत घेऊन आल्या त्या हिराबाईच. त्यानंतर कामाची पद्धत मी बदलली. फायलीत लागणारे प्रत्येक पान आधी त्या त्या आईला मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि तिने खोडायला सांगितले ते खोडायचे. नाजूक तपशील फायलीत नव्हे, कुलपातल्या वहीत. याचे नियम असतात, ते मी अभ्यासलेही होते. माणूस अभ्यासतो एक आणि फायलीला लावतो एक.

लिलाववालीचे गुण हळूहळू उतरत गेले. थेंब कमी झाले, मग बंद झाले. घरी सोडण्याच्या दिवशी सगळे माझ्या चादरींच्या कोठीत जमले. रूपालीच्या कुशीत मुलगी, शेजारी हिराबाई, दारात सोमनाथ, आणि काही काम नसताना शेख सिस्टर. मी सोडपत्र मोठ्याने वाचले. 'बाळ कोणाच्या हवाली: आई, रूपाली.'

"बराबर," हिराबाई म्हणाल्या. "अन् आई कुनाच्या हवाली?"

"तसा रकाना नसतो, हिराबाई."

"का नसतो? पोरीला संबाळायला ही. हिला कोन संबाळनार? गोळीला नाशकाला कोन घिऊन येनार? लय येळ उभी ऱ्हायली तर बस म्हनायला कोन? माजं नाव घाला तितं."

"मला कुणी विचारणार आहे का," रूपाली म्हणाली, "मी कुणाच्या हवाली जाते ते?"

हिराबाईंनी पदर सारखा केला. "बरं, इचारते. येतीस का?"

रूपालीने मुलीच्या कपाळावरचे जावळ मागे सारले, पुन्हा मागे सारले. "येते. पण तुमचा तो गोळ्यांचा डबा घरात नको, आत्याबाई. एकसुद्धा नको."

"आगं, मंग माजे गुडघे कुनाच्या हवाली?"

"माझ्या. डॉक्टरांना दाखवू. रोज शेकून देईन."

"रोज?"

"रोज."

हिराबाईंनी कंबरेची पिशवी सोडली, गोळ्यांची पत्र्याची लहान डबी काढली आणि शेख सिस्टरांच्या हातावर ठेवली. मग टेबलावर वाकून माझ्या कागदाकडे बोट दाखवले. "हं. लिवा."

मी छापील रकान्याखाली पट्टीने आणखी दोन रकाने आखले, एक आईचा, एक गुडघ्यांचा.